एका केसाचा गळ

माथेरानला मोटार चढत नाही म्हणून तिथे घोडा टिकला, आणि घोडा टिकला म्हणून पायथ्याच्या आमच्या गावांत गळाला केस होता. आज हे सांगितलं तर पटकन कुणाला पटत नाही. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, माझ्या लहानपणी, कर्जतकडच्या नदीकाठी थंडीतला गळ पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसावर चालायचा. माझ्या मामांचे माथेरानात घोडे होते. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरीपासून बाजारापर्यंत तांबड्या मातीतून प्रवाशांची ने-आण करणं हा त्यांचा धंदा. संध्याकाळी खरारा करताना शेपटीचे जे केस निघायचे, त्यांतले लांब आणि पांढरे तेवढे मामा बाजूला काढत, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून ठेवत आणि खाली आले की आईच्या हाती देत. आईकडून ती पुडी नदीपलीकडच्या कातकरवाडीवर जायची, आजांकडे.

आजांना वाडीवर आणि आमच्या आळीतही सगळे आजाच म्हणत. पावसाळ्यात ते लावणीला यायचे, पावसाळा संपला की भट्टीवर जायचे, आणि मधले जे दिवस मिळतील ते नदीवर काढायचे. केसाच्या बाबतीत ते फार चोखंदळ होते. "घोड्याचा केस आण, घोडीचा नको. घोडीचा मुतानं कुजतो," असं ते मामांना निरोप पाठवून सांगत. पुढे वाचनातून कळलं की इंग्लंडातल्या जुन्या गळ टाकणाऱ्यांचाही हाच समज होता. आयझॅक वॉल्टनचं गळावरचं प्रसिद्ध पुस्तक १६५३ चं. त्या काळी तिकडेही दोरी घोड्याच्या केसांचीच वळत आणि निष्णात माणूस शेवटच्या टप्प्याला एकच केस वापरी. आमच्या आजांना वॉल्टन ठाऊक असण्याचं कारण नाही. घोडा, नितळ पाणी आणि शहाणा मासा या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणसाची बोटं जिथे पोचतात तिथे ती दोन्हीकडे पोचली होती.

नितळ पाणी ही आमच्या भागाची खासियत, आणि तिला इतिहास आहे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून उतरते, कोंडाण्याच्या लेण्यांखालून कर्जतकडे येते. पावसाळ्यात ती गढूळ आणि दांडगी. इतर कोकणी नद्यांसारखी ती आणि तिच्या बहिणी फाल्गुनात आटून डबक्यांच्या झाल्या असत्या. पण घाटावरचं पाणी डोंगरातून खाली सोडून वीज करायची टाटांची कल्पना आमच्या नद्यांच्या पथ्यावर पडली. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. वळवण, लोणावळा, शिरवता इथलं पाणी खोपोलीला वीज करून पाताळगंगेत येतं. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीतून पेज नदीत उतरतं आणि पुढे उल्हासला मिळतं. त्यामुळे ऐन मे महिन्यातही पेज आणि पाताळगंगा वाहत्या. धरणाच्या तळ्यात गाळ बसलेला, त्यामुळे पाणी स्वच्छ. अशा पाण्यातला मासा वर्षभर जगतो, मोठा होतो, आणि वर्षभर माणूस पाहून पाहून बेरकीही होतो.

आजांचं सगळं कसब या बेरकी माशासाठी होतं. मेसकाठी घ्यायची, हिरवी तोडून चुलीवर धुरात धरलेली. तिला सुताचा पिळदार दोरा. पुढे बाजारात नायलॉनचा तंगूस मिळू लागला तेव्हा तंगूस. पण शेवटचा हातभर टप्पा केसाचाच. बाजारातला सर्वांत लहान गळसुद्धा त्यांना कधी कधी जाड वाटायचा. मग शिवणाची सुई दिव्यावर लाल करून चिमट्यानं वाकवत. त्या गळाला उलटा काटा नसायचा. मासा लागला की दोरा क्षणभरही ढिला सोडता यायचा नाही. सोडला की मासा गेला. मोरपिसाच्या दांडीचा तुकडा पाण्यावर उभा तरंगायचा आणि त्याच्या टोकाची थरथर पाहून आजा सांगत की खाली मळ्या चाटतोय, शिंगटी ओढतेय, की वाम नुसती गोलगोल फिरतेय.

दोन गोष्टी मला विशेष आठवतात, कारण त्या मी पुढे चाळीस वर्षांनी पुन्हा पाहिल्या, फार वेगळ्या हातांत. एक, गांडूळ लावण्याची रीत. आम्ही पोरं गांडूळ गळावर मोज्यासारखं ओढून पूर्ण झाकत असू. आजा ते बरोबर मधोमध एकदाच टोचत आणि दोन्ही टोकं मोकळी सोडत. पाण्यात उतरताना ती टोकं आपोआप हलत. काठीला काही करावंच लागत नसे. दुसरी, दगडाची जागा. आम्ही शिसं गळाच्या वर बांधायचो. आजा दोऱ्याच्या अगदी शेवटी एक लहानसा गोटा बांधत आणि गळ त्याच्या वीतभर वर ठेवत. गोटा तळाला बसायचा, गळ तळापासून वर अधांतरी राहायचा आणि नदीच्या ओढीनं गांडूळ एकाच जागी हलत राहायचं. गोटा बांधलेला दोरा मुद्दाम कच्चा. तो खडकांत अडकला तर तेवढाच तुटावा, केस आणि गळ परत यावा, हा हिशोब.

सगळ्यांत कठीण होतं ते बसणं. आजा खडकाच्या मागे, सूर्य समोर घेऊन बसत, म्हणजे सावली पाण्यावर पडत नसे. "हलू नको रं, तुझं डोकं पाण्यात दिसतंय त्याला," असं पुटपुटत. वीजकेंद्राचं पाणी केव्हा वाढतं, केव्हा उतरतं, याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होतं. संध्याकाळी शहरात दिवे लागले की नदी वीतभर चढते, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. पाणी चढायला लागताना मासा खाद्याला येतो आणि पूर्ण चढलं की आडोशाला जातो. त्या मधल्या वेळात गळ टाकायचा. मुंबईच्या घरांत दिवे लागण्यावर आमच्या कोंडातल्या, म्हणजे डोहातल्या, माशाची भूक अवलंबून होती, याचं मला आजही नवल वाटतं.

आता त्याच पेजेच्या काठावर रविवारी सकाळी मुंबई-पुणे-बदलापूरहून मुलं येतात. मुलीही येतात, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. माझा भाचा त्यांतलाच एक. त्याच्या हातातला रॉड कार्बन धाग्याचा, साडेसहा-सात फुटांचा, उचलला तर वजन जाणवत नाही. रील मुठीएवढं. त्यावर पीई धाग्याची वेणीसारखी विणलेली बारीक दोरी, जिला ही मुलं 'ब्रेड' म्हणतात. ती जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे खाली माशानं नुसतं तोंड लावलं तरी बोटाला कळतं. आणि या दोरीच्या पुढे, अगदी आजांच्या जागी, हात-दीड हात फ्लोरोकार्बनचा 'लीडर'. जपानच्या कुरेहा कंपनीनं १९७१ मध्ये हा धागा मासेमारीत आणला. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा त्याहून बराच जास्त. म्हणून पाण्यात फ्लोरोकार्बन कमी दिसतो. पांढऱ्या केसाचं काम आता हा धागा करतो.

या पद्धतीला मुलं 'फिनेस' म्हणतात. हलकी दोरी, बारीक गळ, दोन-चार ग्रॅमचं वजन, बोटाएवढी मऊ रबरी अळी, आणि हालचाल शक्य तितकी कमी. हे सगळं मुळात अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या ब्लॅक बास नावाच्या माशासाठी घडलं. सत्तरच्या दशकात टेनेसीतल्या चार्ली ब्रूअर यांनी छोट्या रबरी अळ्या काहीही न हलवता नुसत्या सरळ ओढण्याची रीत रूढ केली. कॅन्ससचे नेड केहडी यांच्या नावानं 'नेड रिग' ही बांधणी आली. तिच्यात गळाचं डोकं भूछत्रासारखं चपटं असतं, त्यामुळे तरंगणारी अळी तळाशी शेपूट वर करून उभी राहते. आणि जपानच्या गजबजलेल्या तलावांवरून 'ड्रॉप शॉट' नव्वदच्या दशकात जगभर गेला. वजन दोरीच्या शेवटी, गळ त्याच्या वीतभर वर, आणि वजन जागचं न हलवता वरची ढिली दोरी थरथरवायची.

भाच्यानं पहिल्यांदा ड्रॉप शॉट बांधून दाखवला तेव्हा मी त्याच्या हातातून दोरी घेऊन किती तरी वेळ पाहत राहिलो. मग त्यानं दुसरी रिग काढली, 'वॅकी'. लांब रबरी अळी, बरोबर मधोमध एकदाच टोचलेली, दोन्ही टोकं मोकळी. मी त्याला आजांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" खरं तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न मधली तीस वर्षं होताच. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी नदी सोडली, गळ तर त्याआधीच सोडला.

मी असं म्हणत नाही की आजांनी ड्रॉप शॉट शोधला. शेवटी वजन आणि वर गळ ही बांधणी जगात अनेक ठिकाणी जुनीच आहे. फरक आहे तो दोघांच्या हाताच्या कामात. मुलं मनगटानं अळी नाचवतात, आजा ते काम नदीवर सोडत. त्यासाठी नदीची ओढ कुठल्या खडकामागे किती आहे हे ठाऊक असावं लागतं. आणि दुसरा फरक, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा: आजांचा बारीकपणा ही थंडीतली गोष्ट होती. बाकी वर्षभर त्यांना त्याची गरजच नव्हती.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की वलगण यायची. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना कसं सांगावं कळत नाही. रात्री पाऊस कोसळलेला, पहाटे शेतांच्या बांधांवरून पाणी नदीत उड्या घेतंय, आणि त्या पाण्याच्या उलट दिशेनं मासे वर चढताहेत. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून शेतात. अंडी घालायला उथळ, ऊबदार पाणी हवं म्हणून ते येतात. शिंगट्या, खवळ, मळे, पोटं तट्ट फुगलेल्या माद्या, मधूनच एखादी वाम. सारं गाव टोपल्या, फावडी, कंदील, जुनी मच्छरदाणी, हाताला येईल ते घेऊन बांधावर. कातकरी बांबूच्या भोकशा ओहोळाच्या तोंडाशी लावून बसायचे आणि सकाळपर्यंत भोकशी भरून जायची. त्या दोन दिवसांत आळीतल्या प्रत्येक घरी एकच वास असायचा. उरलेले मासे चुलीवरच्या शिंकाळ्यात धुरावर वाळत, काही डोंगरावर जात. वाडीतल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन माथेरानच्या बाजारात चिंबोऱ्या, मासे, करवंदं, नंतर अळंबी विकायला चढायच्या. चौकच्या बाजूनं रामबाग पॉइंटला चढणारी वाट जुनी आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर पहिल्यांदा आले ते याच अंगानं. इंग्रजांच्या पुस्तकांत माथेरानचा शोध तिथे सुरू होतो. वाडीतल्या माणसांच्या पायाखाली ती वाट त्याआधीची होती.

वलगणीत पोटुशी मादी मारणं चूक होतं का? आज विचारलं तर हो म्हणेन. त्या वेळी कुणी विचारत नसे, कारण नदी पुरून उरत होती.

मग नदी उणी होत गेली. एका दिवसात नाही. वाळू गेली, त्याबरोबर वाळूत अंडी घालणारे मासे गेले. ज्या कोंडांत आजा केस सोडत, तिथे कुणीतरी ब्लीचिंग पावडर ओतायला लागलं. पूर्वी कातकरी उन्हाळ्यात एखाद्या डबक्यात गेळ्याची फळं कुटून टाकत, मासे गुंगून वर येत आणि डबकं पुढच्या पुरात धुऊन निघे. ब्लीचिंगनं मासा, पिल्लू, झिंगा, खेकडा, पाण्यातला किडा सगळंच जातं आणि फार दिवस काही परत येत नाही. २६ जुलै २००५ च्या पावसानं तर नदीचा नकाशाच बदलला. त्या पावसात नेरळ-माथेरानची छोटी गाडी, आदमजी पीरभॉय यांनी पैसे घालून १९०७ मध्ये सुरू केलेली, तिचे रूळ वाहून गेले आणि ती २००७ पर्यंत बंद राहिली. गाडीची बातमी सगळीकडे आली. त्याच रात्री डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांनी आमचे दोन खोल कोंड बुजले, याची नोंद कुठेही नाही. काठावर फार्महाउस आली, त्यांच्या संरक्षक भिंती पार पाण्यापर्यंत आल्या. ओहोळांची तोंडं या भिंतींनी बंद झाली. वलगणीचा मासा आजही पहिल्या पावसात चढायला बघतो आणि भिंतीला डोकं आपटून परत फिरतो. भारतात १९५२ मध्ये आणलेली तिलापिया आता गळाला सर्वांत आधी लागते. घाण पाणी तिला चालतं, बाकीच्यांना नाही.

म्हणून मला वाटतं, बारीक गळ हा माशांच्या कमतरतेतून जन्मतो. अमेरिकेत आणि जपानमध्ये ज्या तलावांवर खूप माणसं गळ टाकत होती तिथेच फिनेस रुजलं. भरपूर मासा असलेल्या पाण्यात जाड दोरी आणि मोठं आमिष पुरतं. आजांना थंडीतले दोन-तीन महिने जे करावं लागे ते या मुलांना आता बारा महिने करावं लागतं. भाचा दिवसभर उभा राहून एक शिंगटी आणि दोन तिलापिया पकडतो, तरी आनंदात घरी येतो. त्याच्या आनंदावर मला बोलायचं नाही, तो खरा आहे. पण त्याला मी प्रत्येक वेळी सांगतो की या पाण्यात असं नव्हतं.

ब्लॅक बास आपल्याकडे नाही आणि तो कधीही येऊ नये असं मला वाटतं. काही हौशी मुलं व्हिडिओ बघून हळहळतात, आपल्या धरणांत बास असता तर! त्यांना मी जपानची गोष्ट सांगतो. १९२५ मध्ये तेत्सुमा आकाबोशी यांनी अमेरिकेतून बास आणून हाकोनेजवळच्या आशी तलावात सोडला. तिथून तो हळूहळू देशभर पसरला, तिथल्या मूळच्या लहान माशांवर तुटून पडला, आणि २००५ मध्ये जपानला परक्या घातक जातींच्या कायद्यात त्याचं नाव घालावं लागलं. आपल्या रायगडात बासच्या तोडीचा मासा आहेच. पाताळगंगा ज्या धरमतरच्या खाडीला मिळते तिथला जिताडा, ज्याला जग आशियाई सी-बास म्हणतं. खाऱ्या पाण्यात जन्मतो, पिल्लू गोड्या पाण्याकडे येतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतली पिल्लं आणून गावतळ्यात सोडायची आणि वर्ष-दोन वर्षांनी जावई आला की काढायची, ही जुनी रीत. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा जिताडा मारला तर बहुधा मादीच मारली. हे कळल्यापासून भाच्याच्या मंडळींपैकी काही जण मोठा जिताडा लागला की फोटो काढून सोडून देतात. खाडीकाठच्या जुन्या माणसांना हे वेड वाटतं. मला ते शहाणपण वाटतं, आणि मी त्यांच्या बाजूनं उभा राहतो.

गोड्या पाण्यात आपला खरा शिकारी मासा मरळ. बेडूक, लहान मासा, पाण्यात पडलेला उंदीर, काही सोडत नाही. तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधूनमधून वर येते आणि नुसतं 'गप्प' करून पुन्हा खाली जाते. आजा तो आवाज ऐकून उठून दुसरीकडे जात. मरळीला केस पुरत नाही, म्हणत, तिला दोरखंड लागतो. आता मुलं तिलासुद्धा बारीक दोरीवर पकडतात. वजन न लावलेली रबरी अळी, गळाचं टोक अळीच्या अंगात लपवलेलं, म्हणजे पाणगवतात अडकत नाही. ती गवताच्या कडेला सोडायची आणि थांबायचं. मरळ सावकाश येते, बघते, मग ओढते. एवढ्या हलक्या सामानावर ती पाणी फोडून उडी मारते तेव्हा माझेही हात थरथरतात. पावसाळ्यात मात्र मरळ पिल्लांना राखत असते. पाण्यावर लालसर पिल्लांचा ढग फिरताना दिसतो, आणि त्याच्या खाली आई-बाप. त्या वेळी त्यांच्या समोर काहीही टाकलं तरी ते चावतात, भुकेनं नव्हे, रागानं. त्यांना तेव्हा काढलं तर पिल्लं तासाभरात इतर माशांच्या पोटात. त्या ढगावर गळ टाकणाऱ्याला मी काठावरून उठवलं आहे आणि पुढेही उठवीन.

एक आशा मात्र घाटावर आहे. दख्खनचा महाशीर, आपल्याकडे खडस म्हणतात तो, कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये मुळा-मुठेतून शास्त्राला दाखवून दिला. मोठे खवले, सोनेरी-निळसर अंग, ओढीच्या विरुद्ध पोहणारा. तोही कमी होत गेला. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होते आणि पिल्लं देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली आहेत. ज्या वळवणचं पाणी खोपोलीत वीज करून आमच्या पाताळगंगेत येतं, त्याच पाण्यावर ही पिल्लं वाढतात, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. खालची नदी त्यांना राहण्याजोगी कधी होईल, हा प्रश्न राहतोच.

या मुलांकडे माझी एक मागणी असते आणि तिच्यावरून मी वाद घालतो. आजांचा केस तुटला तर पावसाळा संपायच्या आत कुजून जायचा. सुईचा गळ गंजायचा. मोरपीस, सुतळी, मेसकाठी, सगळं मातीत मिसळायचं. फ्लोरोकार्बन कुजत नाही. ब्रेड कुजत नाही. रबरी अळीचे तुकडे पाण्यात फुगतात आणि मासे ते गिळतात. करंजाच्या फांदीला अडकलेल्या दोरीत धीवर पक्षी लटकलेला मी पाहिला आहे. म्हणून तुटलेली दोरी खिशात घालून घरी न्यायची, फाटलेली अळी डबीत ठेवायची, शिशाऐवजी टंगस्टन वापरायचं, आणि गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचा, एवढं मी आग्रहानं सांगतो. काटा दाबला तर मासे सुटतात अशी त्यांची तक्रार असते. दोरा ढिला सोडला नाही तर सुटत नाहीत. हे मी सुईच्या गळावर पाहिलं आहे.

शार्लोट तळ्यावर मात्र कुणी गळ टाकू नये. पिसरनाथाच्या देवळाजवळचं ते तळं माथेरानचं पिण्याचं पाणी आहे. मामा आम्हाला त्या काठावर दगडसुद्धा टाकू देत नसत, आणि पाण्यात फिरणारे मासे आम्ही नुसते बघत बसायचो. २००३ पासून माथेरान आणि भोवतालचा डोंगर संवेदनशील क्षेत्र म्हणून राखीव आहे. ई-रिक्षा आल्या तरी मोटारीला दस्तुरीच्या पुढे अजून बंदी आहे. नदीला अशी एखादी हद्द कुणी घालून दिली नाही, ही माझी खरी खंत. दस्तुरीवर जशी मोटार थांबते तशी नदीकाठी भिंत कुठेतरी थांबायला हवी होती.

आजा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एक नातू वाडीवरच असतो. शाळा दहावीपर्यंत, मग बांधकामावर, मग एका फार्महाउसवर माळीकाम. भाच्याच्या मंडळींना कोंड दाखवायला तो गेली काही वर्षं येतो. पहिल्यांदा त्याला नुसती चहाची सोबत म्हणून नेलं होतं. पाणी केव्हा चढणार हे त्यानं घड्याळ न बघता सांगितलं आणि तसंच घडलं, तेव्हा मुलांनी मोबाइल खिशात ठेवले. आता त्याला अर्ध्या दिवसाचे पैसे मिळतात, ठरलेले. कावेरीच्या काठी महाशीरच्या तळांवर पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांनाच वाटाडे म्हणून कामावर घेतलं होतं, आणि त्यांच्या राखणीनं ते पाणी सांभाळलं गेलं. माथेरानात घोडेवाल्याला जसा परवाना असतो तसा आमच्या नद्यांवर गळाच्या वाटाड्याला ग्रामपंचायतीचा परवाना असावा, त्यात वाडीवरच्या माणसांना पहिला हक्क असावा, असा अर्ज आम्ही काही जण मिळून लिहितो आहोत. कुठल्या कोंडावर केव्हा गळ टाकायचा आणि केव्हा नाही, हे त्यांनी ठरवावं असं कलम मी त्यात घातलंय. नातवानं त्यात आणखी दोन गोष्टी सुचवल्या: आषाढ-श्रावणात मरळीचे कोंड बंद, आणि ओहोळांच्या तोंडाशी बांधलेल्या भिंतींना मासा चढेल एवढी वाट. दुसरी गोष्ट मिळवणं अवघड आहे. जमीन ज्यांची आहे ते मुंबईत असतात, आणि त्यांच्यापर्यंत अर्ज कसा पोचवायचा, हे आम्ही या पावसाळ्याआधी ठरवणार आहोत.